डिजिटल कथाकथनाचा अभ्यासक्रम शिकवताना: पहिल्या तयारीपासून शेवटच्या सादरीकरणापर्यंत

सत्र संपतं, पडद्यावर विद्यार्थ्यांच्या डिजिटल गोष्टी, म्हणजे स्वतःच्या आवाजात चित्रांसह सांगितलेल्या दोन-तीन मिनिटांच्या फिल्म, सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फिल्मलाच कळून चुकतं की ह्या गोष्टी नाहीत, बोलक्या स्लाइड आहेत. मागे बासरी, पुढे इंटरनेटवरून उचललेली चित्रं, आणि त्यावर ‘शिक्षण हा जीवनाचा पाया आहे’ छापाचं वाचन. विद्यार्थ्यांनी मेहनत केलेली असते. घोळ असतो तो सत्राच्या क्रमात. पहिले चार आठवडे सॉफ्टवेअर, मग विषयाची निवड, मग घाईत लिहिलेली संहिता आणि जमा करायच्या आदल्या रात्री केलेलं रेकॉर्डिंग. पहिल्या वर्षी मीही असंच शिकवलं. त्या वर्षी माझ्या वर्गाला स्क्रीनवर अक्षरं गरागरा फिरवता येत होती. सांगायला मात्र कुणाकडे काही नव्हतं.

पुढचा क्रम शिक्षणशास्त्राच्या २०–२५ विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी आणि १४ आठवड्यांच्या सत्रासाठी आहे. सत्र लहान असेल तर संपादनाचे आठवडे कापा, संहितेचे नको.

## टप्पा १: सत्र सुरू होण्याआधीची तयारी

स्वतःची फिल्म करा. अडीच मिनिटांची, स्वतःच्या आवाजात, आणि विद्यार्थी जी साधनं वापरणार तीच वापरून. ज्या शिक्षकाने स्वतः फिल्म केलेली नाही, तो ‘दोन दिवसांत होईल’ असं सांगतो आणि तिथेच वेळापत्रक कोसळतं. करताना कुठल्या कामाला किती वेळ गेला ते लिहून ठेवा. ही नोंद पुढे वर्गात दाखवायची आहे.

तास सलग मागून घ्या. आठवड्यात एक-एक तासाचे तीन तास मिळाले तर गोल करून बसून गोष्टी सांगणं, रेकॉर्डिंग, संपादन, सगळ्याचंच मातेरं होतं. तीन तास सलग मिळवण्यासाठी विभागप्रमुखांशी भांडावं लागलं तर सत्राआधी भांडा.

एकच संपादन सॉफ्टवेअर ठरवा. ओपनशॉट, शॉटकट, केडेनलाइव्ह हे सगळे मोफत आणि मुक्त स्रोताचे आहेत. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही चालते, पण तिला दमदार संगणक लागतो. कुठलंही निवडा, पण वर्गात तीन-तीन नको. निवडण्याआधी एक चाचणी घ्या: त्यात ‘विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून’ असं शीर्षक टाइप करा. जोडाक्षरं फुटली किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली, तर ते सॉफ्टवेअर मराठी शीर्षकांच्या कामाचं नाही. किंवा मग शीर्षकं दुसरीकडे करून चित्र म्हणून आणावी लागतील, हे आत्ताच कळलेलं बरं.

फोल्डरचा साचा तयार ठेवा. प्रत्येकाला एकसारखा फोल्डर द्या: ०१_संहिता, ०२_आवाज, ०३_चित्रं, ०४_संगीत, ०५_प्रोजेक्ट, ०६_अंतिम, ०७_परवानग्या. शेवटच्या आठवड्यांतले निम्मे घोटाळे ह्या साध्या सवयीने टळतात. संगणक जुने असतील तर फोल्डरची नावं रोमनमध्ये ठेवा; काही प्रोग्रॅम देवनागरी नावांवर अडखळतात.

मूल्यमापनाचे निकष पहिल्या दिवशी छापून द्या. मी १०० गुण असे वाटतो: गोष्ट आणि संहिता, सगळ्या मसुद्यांसह, ३०; आवाज १५; चित्र आणि आवाज यांचा मेळ १५; हक्क, संमती व सबटायटल १०; वर्गातल्या वापराचा आराखडा २०; प्रक्रियेची नोंदवही १०. ‘तांत्रिक सफाई’ असा वेगळा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही. ठेवला की सगळा वर्ग तिकडेच पळतो.

> तपासणी: तुमची स्वतःची फिल्म, निकषांचा कागद, संमतीपत्रक आणि फोल्डरचा साचा. चारही तयार नसतील तर पहिला तास घेऊ नका, एक आठवडा मागून घ्या.

## टप्पा २: पहिला आठवडा – काय करायचं आहे ते ठरवणं

डिजिटल गोष्ट म्हणजे काय, यावर व्याख्यान झोडू नका. दोन फिल्म दाखवा: एक तुमची, एक मुद्दाम बिघडवलेली. बिघडवलेलीत तुमचंच कथानक घ्या, पण माहितीपर निवेदन, जालावरची चित्रं आणि मोठ्या आवाजातलं संगीत टाका. फरक काय, ते वर्गालाच सांगू द्या. बक्षीस मिळालेली चकचकीत फिल्म पहिल्या दिवशी लावायची नाही. ‘आपल्याला हे जमणार नाही’ एवढंच त्यातून शिकलं जातं.

मग मर्यादा सांगा, त्याही लेखी: लांबी दोन ते तीन मिनिटं, आवाज स्वतःचा, चित्रं जास्तीत जास्त २०, आणि गोष्टीत कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे.

ह्यूस्टन विद्यापीठातल्या बर्नार्ड रॉबिन यांनी शिक्षणातल्या डिजिटल गोष्टींचे तीन ढोबळ प्रकार सांगितले आहेत: वैयक्तिक अनुभवाच्या, इतिहासातल्या घटना मांडणाऱ्या, आणि एखादी संकल्पना समजावणाऱ्या. विद्यार्थी तिसऱ्याकडे झुकतात, कारण त्यात स्वतःचं काही उघडं करावं लागत नाही. माझ्या वर्गात पहिली फिल्म वैयक्तिकच असते. गोष्ट कशी उभी राहते हे स्वतःवर बेतल्याशिवाय कळत नाही; एकदा कळलं की प्रकाशसंश्लेषणाचीही गोष्ट सांगता येते.

## टप्पा ३: दुसरा-तिसरा आठवडा – गोल करून बसणं

इथे संगणक बंद. सहा ते आठ जणांचा गट गोल करून बसतो आणि प्रत्येक जण आपली कच्ची गोष्ट तोंडी सांगतो. प्रत्येकाला १२ मिनिटं: चार-पाच सांगायला, बाकी ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादाला. आठ जणांची ९६ मिनिटं होतात, म्हणजे आठ-आठ जणांच्या दोन गटांनाच तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिसऱ्या गटासाठी पुढचा आठवडा ठेवा. तिन्ही गट एकाच खोलीत एकाच वेळी बसवण्याचा मोह होतो. तो प्रकार बाजारासारखा होतो आणि तुम्ही कुठेच नसता.

नियम मोजके, पण काटेकोर:

१. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही.
२. सल्ला द्यायचा नाही. ‘ही माझी गोष्ट असती तर मी इथून सुरुवात केली असती’ एवढंच म्हणायचं.
३. प्रत्येक ऐकणाऱ्याने एक तरी प्रश्न असा विचारायचा ज्याचं उत्तर दिसतं, ऐकू येतं किंवा हाताला लागतं. ‘तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न चालणार नाही. ‘तेव्हा हातात काय होतं?’ हा चालेल.
४. इथे ऐकलेलं खोलीबाहेर जाणार नाही.

> सावधान: कुणीतरी एखादी ओली जखम उघडी करतंच. तुम्ही समुपदेशक नाही. प्रत्येकाने दोन गोष्टी घेऊन याव्यात असं आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी जड गोष्ट मागे घेता येते. ‘अजून आठवलं की झोप लागत नाही’ अशी गोष्ट ह्या सत्रात करू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगा. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची वेळ फळ्यावर लिहून ठेवा.

इथली नेहमीची चूक शिक्षकच करतो. गोष्ट ऐकून लगेच ‘छान! पुढे’ म्हणतो. छान म्हणू नका. दहा सेकंद गप्प बसा. सांगणारा त्या शांततेत पुढचं वाक्य बोलतो, आणि बऱ्याचदा खरी गोष्ट त्या वाक्यात असते.

## टप्पा ४: तिसरा ते पाचवा आठवडा – संहिता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अडीच मिनिटांच्या फिल्मसाठी संहिता २५० ते ३०० शब्दांची. मराठी सावकाश, थांबत-थांबत वाचली की मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. ४०० शब्द लिहून आणणारा ‘मी भरभर वाचतो’ म्हणतो. त्याला तिथल्या तिथे घड्याळ लावून वाचायला लावा.

मसुदे किमान तीन, चार झाले तर उत्तम. एका मसुद्यावर शेरे लिहायला तुम्हाला दहा मिनिटं धरली तरी २४ विद्यार्थ्यांचे चार तास होतात. हे वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर तिसरा मसुदा ‘ठीक’ एवढ्या शेऱ्यावर जातो.

शेरे कसे द्यायचे, त्याचं एक उदाहरण. एका विद्यार्थ्याचा पहिला मसुदा असा सुरू होत होता:

*‘गणित हा विषय अनेक विद्यार्थ्यांना कठीण वाटतो. मलाही लहानपणी गणिताची भीती वाटत असे. परंतु माझ्या शिक्षिकेने मला अतिशय प्रेमाने मार्गदर्शन केले व माझ्या जीवनाला कलाटणी मिळाली.’*

यात चूक एकही नाही, आणि दिसत काहीच नाही. मी भाषा दुरुस्त केली नाही. समासात तीन प्रश्न लिहिले: भीती वाटली की तू काय करायचास? मार्गदर्शन म्हणजे बाईंनी हाताने नेमकं काय केलं? हे कुठल्या एका दिवशी घडलं? चौथा मसुदा असा आला:

*‘भागाकार आला की मला तहान लागायची. फळ्यावर उदाहरण पडलं की मी बाटली घेऊन नळाकडे. एक दिवस परत आलो तर बाकावर माझी वही नव्हती. बाईंच्या हातात होती. ओरडल्या नाहीत. सोळा गोट्या मोजून माझ्या ओंजळीत टाकल्या आणि म्हणाल्या, “चौघांना वाट. पाणी नंतर पिऊ.”’*

भीती हा शब्दच गेला, आणि भीती दिसायला लागली. बाईंना तहानेचं गुपित कधीपासून माहीत होतं, हेही शेवटच्या तीन शब्दांत कळतं. असे दोन मसुदे शेजारी-शेजारी लावून दाखवले की पुढचे तास सोपे जातात.

तपासायच्या गोष्टी, माझ्या अनुभवाच्या क्रमाने:

पहिला परिच्छेद काढून पाहा. दहातल्या सात संहिता दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतात. पहिला असतो तो घसा खाकरणं.

शेवटचं वाक्य काढून पाहा. तिथे हमखास तात्पर्य बसलेलं असतं. वरच्या विद्यार्थ्याने ‘त्या दिवसापासून मी मागे वळून पाहिले नाही’ असं शेपूट जोडलं होतं. मी काही न बोलता वर्गाला दोन्ही आवृत्त्या वाचून दाखवल्या. त्याने स्वतःच ते खोडलं.

लेखी भाषा शोधा. ‘असे’, ‘परंतु’, ‘व’, ‘केले गेले’ हे वाचताना डोळ्यांना खटकत नाही, कानाला खटकतं. संहिता तोंडाने बोलायची असते. घरची बोली असेल तर ती ठेवा. प्रमाण मराठीच्या आग्रहाने मी एका मुलीच्या आजीची बोलीतली वाक्यं ‘सुधारली’ होती. आजी गेली आणि निबंध उरला. पुढच्या मसुद्यात आम्ही ती परत आणली.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न ह्याच टप्प्यावर येतो. माझा नियम साधा आहे: सबटायटलचा कच्चा मसुदा काढायला चालेल, संहिता लिहायला आणि आवाज बनवायला नाही. त्यामागे नीतीचा भाग आहेच, पण व्यवहार जास्त आहे. यंत्राने लिहिलेली संहिता नेमकी त्या पहिल्या मसुद्यासारखी येते, आणि तिला ‘हातात काय होतं?’ विचारलं तर विद्यार्थ्याकडे उत्तर नसतं.

> तपासणी: संहिता मोठ्याने वाचून १५० सेकंदांच्या आसपास बसते का? ती ऐकून शेजाऱ्याला एक तरी वस्तू आठवते का? दोन्हीला ‘हो’ आलं तरच आवाजाकडे जा. संहितेवर तुमची सही झाल्याशिवाय कुणी रेकॉर्डिंग करायचं नाही.

## टप्पा ५: सहावा आठवडा – आवाज

आवाज चित्रांच्या आधी. हे उलटं केलं की चित्र जितका वेळ टिकतं तितकं निवेदन ताणलं किंवा कापलं जातं, आणि गोष्टीची लय मरते.

महागडा माइक लागत नाही. लागते ती खोली. कपड्यांनी भरलेलं कपाट, गाद्या, जाड पडदे असलेली लहान खोली मोठ्या रिकाम्या वर्गापेक्षा कितीतरी चांगली. टाळी वाजवून पाहा. घुमली तर जागा बदला.

१. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन विमान मोडवर.
२. फोन किंवा माइक तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, पण थेट समोर नाही, थोडा बाजूला. प, फ, ब, भ उच्चारताना निघणारा हवेचा झोत माइकवर आदळला की ‘भप्प’ असा आवाज येतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही.
३. सुरुवातीला दहा सेकंद काहीच न बोलता रेकॉर्ड करा. खोलीची ही ‘शांतता’ पुढे गोंगाट कमी करायला आणि कापलेल्या जागा भरायला लागते.
४. एक परिच्छेद झाला की थांबा. चुकलं तर शब्दापासून नाही, पूर्ण वाक्य पहिल्यापासून घ्या.
५. आवाजाचं शिखर वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.
६. जमेल तर वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झवर. व्हिडिओचं काम त्याच दरावर चालतं.

दोन सापळे दरवर्षी कुणाला ना कुणाला गाठतात. पहिला ब्लूटूथ इअरफोनचा. त्यातला माइक चालू झाला की जोडणी बहुधा फोनवरच्या संभाषणाच्या दर्जावर उतरते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दुसरा फाइलच्या प्रकाराचा. बरेच फोन एम४ए फाइल बनवतात, आणि विंडोजवर ऑडॅसिटी ह्या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडायला एफएफएमपेग नावाची वेगळी लायब्ररी बसवावी लागते. प्रयोगशाळेत ती बसवण्याची परवानगी कुणाकडे आहे, ते सहाव्या आठवड्याच्या आधी शोधा.

वाचनाबद्दल एकच सूचना द्या: समोर एका माणसाला बसवा आणि त्याला सांगा. वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळवलेल्यांना हे सगळ्यात अवघड जातं. गोट्यांच्या गोष्टीत विद्यार्थी ‘ओरडल्या नाहीत’ हे वाक्य पहिल्यांदा चढ्या आवाजात म्हणत होता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, मला सांग. आवाज आपोआप खाली आला, आणि त्या वाक्याआधी तो स्वतःच थांबला. तो थांबा फिल्ममध्ये तसाच ठेवला.

> तपासणी: रेकॉर्डिंग डोळे मिटून, हेडफोन लावून ऐका. चित्राशिवाय गोष्ट कळते का? कळत नसेल तर चित्रं ती वाचवणार नाहीत.

## टप्पा ६: सातवा-आठवा आठवडा – चित्रं, संगीत आणि हक्क

कागदावर दोन रकाने आखा: डावीकडे संहितेचं वाक्य, उजवीकडे त्या वेळी पडद्यावर काय. स्टोरीबोर्ड म्हणून एवढंच पुरतं. चित्रकला यायची गरज नाही.

इथली मुख्य चूक म्हणजे शब्दाला शब्द चित्र. ‘नळ’ म्हटलं की नळ, ‘वही’ म्हटलं की वही, ‘गोट्या’ म्हटलं की गोट्या. प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. उजव्या रकान्यात शब्दांनी न सांगितलेलं काहीतरी हवं. आमच्या विद्यार्थ्याने संपूर्ण पहिल्या भागात फक्त नळाखाली भरत असलेली बाटली दाखवली, मग रिकामा बाक. गोट्यांचा उल्लेख झाला तेव्हा पडदा बाकावरच होता. ओंजळ दिसली ती बाईंचं वाक्य संपल्यानंतर, दोन सेकंदांच्या शांततेत. हे सगळं त्याने स्वतःच्या फोनवर एका दुपारी टिपलं होतं.

चित्राचा आकार किमान १९२० बाय १०८० पिक्सेल. चित्राच्या अर्ध्या रुंदीपर्यंत झूम करायचं असेल तर मूळ रुंदी ३८४० हवी, नाहीतर चित्र धूसर होतं. व्हॉट्सॲपवर साधं पाठवलेलं छायाचित्र दाबून लहान केलेलं असतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. घरच्या जुन्या छायाचित्रांचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीच्या उजेडात काढा.

हक्कांच्या बाबतीत ‘शिक्षणासाठी आहे, चालतं’ हे वाक्य वर्गात बंद करा. वर्गातल्या वापराला अनेक देशांच्या कायद्यात काही सूट असते. फिल्म इंटरनेटवर चढली की ती सूट सोबत येईल असं धरून चालू नका. सोपा क्रम असा: आधी स्वतः काढलेलं, मग घरच्यांच्या परवानगीने घेतलेलं, मग विकिमीडिया कॉमन्स किंवा ओपनव्हर्सवरचं खुल्या परवान्याचं. ध्वनींसाठी फ्रीसाउंड.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठरावीक अटींवर वापराची मोकळीक देणारे, परवाने वाचायला शिकवा, कारण त्यात एक खड्डा आहे. ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज) असलेल्या परवान्यात बदललेली आवृत्ती वाटायला मनाई असते. संगीत तुम्ही कापलं नाही, जसंच्या तसं फिल्मखाली घातलं, तरी ह्या परवान्यांच्या व्याख्येप्रमाणे हलत्या चित्राशी जुळवलेलं संगीत ही बदललेली आवृत्तीच ठरते. म्हणून एनडी संगीत फिल्मला चालत नाही. ‘एसए’ (शेअर-अलाइक) असेल तर तुमची फिल्मही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. प्रत्येक उसन्या चित्राची आणि आवाजाची चार माहितीची कलमं त्याच दिवशी ०७_परवानग्या मध्ये लिहा: नाव, कर्ता, कुठून घेतलं, परवाना. ‘नंतर शोधू’ म्हटलेलं नंतर सापडत नाही.

संमतीचंही तसंच. ज्याचा चेहरा, आवाज किंवा ओळखता येईल अशी हकिकत फिल्ममध्ये आहे त्याला विचारा; लहान मूल असेल तर पालकांना आणि मुलालाही. वर्गात दाखवायची, सभागृहात दाखवायची आणि इंटरनेटवर टाकायची, ह्यांच्या तीन वेगळ्या चौकटी पत्रकात ठेवा. एकच सही सगळ्यावर घेऊ नका.

## टप्पा ७: नववा-दहावा आठवडा – संपादन

आता कुठे सॉफ्टवेअर. दोन आठवडे पुरतात, कारण करायचं काय ते ठरलेलं असतं. क्रम: आवाज टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या वेळेच्या पट्टीवर), मग चित्रं स्टोरीबोर्डप्रमाणे, मग थांबे, मग संगीत लागलंच तर. शिकवायच्या कृती पाच: आणणं, कापणं, लांबी बदलणं, आवाजाची पातळी, एक्सपोर्ट. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना फक्त साधा कट किंवा विरघळणं. पान उलटणं, चक्री, तारे यांना माझ्या वर्गात बंदी आहे आणि त्याबद्दल मी वाद घालत नाही.

संगीत निवेदनापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवा. त्यात गायन नको. दोन आवाज एकाच वेळी बोलायला लागतात.

जे बिघडतं ते हे:

गायब चित्रं. प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. पेनड्राइव्हवरून चित्रं ओढली, पेनड्राइव्ह काढला, की दुसऱ्या दिवशी टाइमलाइनवर रिकाम्या चौकटी. आधी सगळं फोल्डरमध्ये उतरवा, मग सॉफ्टवेअर उघडा. फोल्डर हलवायचा तर संपूर्ण हलवा.

सरकणारा आवाज. फोनवर घेतलेल्या व्हिडिओचा फ्रेमचा वेग अनेकदा कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सुटतात. हँडब्रेक ह्या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थिर फ्रेम रेट’ निवडून व्हिडिओ बदलून घ्या आणि मगच आत आणा.

प्रोजेक्टलाच फिल्म समजणं. दरवर्षी एक तरी जण प्रोजेक्ट फाइल जमा करतो. एक्सपोर्ट करून एमपी४ मिळते, ती फिल्म. ती दुसऱ्या संगणकावर पाहिल्याशिवाय जमा करायची नाही.

## टप्पा ८: अकरावा आठवडा – सबटायटल आणि कच्ची फिल्म

सबटायटल हा शेवटी चिकटवायचा भाग नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तो फिल्मचा आवाज आहे. एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली साधी फाइल, करा: एका वेळी दोनच ओळी, पडद्यावर साधारण सहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि ओळ अर्थाला धरून तोडा. ‘सोळा गोट्या मोजून माझ्या / ओंजळीत टाकल्या’ असं नको. ‘सोळा गोट्या मोजून / माझ्या ओंजळीत टाकल्या’ असं.

फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. नोटपॅडमध्ये ‘अन्सी’ (ANSI) राहून गेलं तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि परत येत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली संहिताही इथे निरुपयोगी ठरते. म्हणून युनिकोडची सक्ती पहिल्या मसुद्यापासून करा.

कच्ची फिल्म पाहताना दोन फेऱ्या घ्या. एकदा आवाज बंद करून, फक्त चित्रं. एकदा पडदा झाकून, फक्त आवाज. दोन्ही वेळा वर्ग नेमकं तेच सांगू शकला तर चित्रं आवाजाची नक्कल करताहेत, दोन-तीन बदला.

## टप्पा ९: बारावा-तेरावा आठवडा – फिल्म वर्गात कशी न्यायची

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा टप्पा गाळला जातो आणि मग तो चित्रपट-कार्यशाळा होऊन बसतो. प्रत्येकाने एका शालेय तासाचा आराखडा करायचा. त्यात दोनपैकी एक वाट निवडायची: शिक्षकाची फिल्म वापरून शिकवणं, किंवा मुलांनीच फिल्म करणं. दोन्ही एकत्र केलं की आराखडा गुळगुळीत होतो.

पहिल्या वाटेत ठरवायचं ते हे: फिल्म कुठे थांबवायची? गोट्यांची फिल्म ‘चौघांना वाट’ यावर थांबवली की भागाकाराचा तास सुरू होतो. मुलांच्या हातात गोट्या द्यायच्या आणि वाटायला लावायचं. तीच फिल्म भावी शिक्षकांना पूर्ण दाखवली तर चर्चा वेगळी होते: पाणी प्यायला जाणारं मूल तुमच्या वर्गात कोण आहे? एकाच फिल्मचे असे दोन आराखडे लिहायला लावा, विद्यार्थ्यांना गोष्ट आणि साधन यांतला फरक लगेच कळतो.

दुसऱ्या वाटेत सत्राचं सगळं ओझं शाळेवर लादू नका. मुलांसाठी एक मिनिट, पाच चित्रं, एक फोन चौघांत. क्रम मात्र तोच: बोलणं, लिहिणं, आवाज, चित्र.

## टप्पा १०: चौदावा आठवडा – गुण आणि सादरीकरण

गुण देताना दुःखाला गुण देऊ नका. मृत्यूची गोष्ट आपोआप वरचढ नसते, आणि हसऱ्या गोष्टीला कमी मिळताहेत असं वर्गाला एकदा वाटलं, की पुढच्या तुकडीत सगळ्यांच्या आज्या वारायला लागतात. तुम्ही मोजता ते मसुद्यांमधला प्रवास आणि केलेली निवड. नोंदवहीत ‘मी हे चित्र का काढून टाकलं’ असं लिहिलेलं एक पान मला सफाईदार फिल्मइतकंच मोलाचं वाटतं.

अडीच मिनिटांच्या २४ फिल्म म्हणजे एक तास. अदलाबदल आणि बोलणं धरून दोन तास. सगळ्या एमपी४ आदल्या दिवशी एकाच संगणकावर आणा, क्रमांक घाला आणि सभागृहाच्या स्पीकरवर प्रत्येकीचे पहिले वीस सेकंद ऐका. लॅपटॉपवर ठीक वाटणारं संगीत तिथे निवेदन गिळतं. पहिली फिल्म तुमची लावा.

सादरीकरणानंतर आठवडाभराने इंटरनेटवर टाकण्याची संमती पुन्हा विचारा. आधी ‘हो’ म्हणालेल्या एका मुलीने सभागृहातलं हसू ऐकल्यावर ‘नको’ म्हटलं. हसू वाईट नव्हतं, पण फिल्म तिची होती. आम्ही ती चढवली नाही.

मग प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा पूर्ण फोल्डर द्या. विभागाकडे अंतिम फिल्म, एसआरटी, संहिता, परवान्यांची यादी आणि संमतीपत्रक एवढंच ठेवा. प्रयोगशाळेतल्या संगणकांवरची कच्ची रेकॉर्डिंग स्वतः बसून पुसा, रीसायकल बिनसकट.